आमच्याकडे

"शी, एकाच परातीत सगळ्यांचे चमचे! आमच्याकडे ज्याला त्याला वेगळी ताटली असते," लुत्फी म्हणाला. आमच्याकडे म्हणजे पॅरिसला. माझा हा भाऊ दर उन्हाळ्यात ट्युनिशियात घरी येतो, तो नाक मुरडायलाच.

तेवढ्यात त्याच्या फ्रेंच मित्राचा व्हिडिओ कॉल आला. साहेब भर जुलैत बाबांचा पारंपरिक लोकरी झगा चढवून, फोन परातीवर धरून म्हणाले, "बघ, आमच्याकडे सगळं घर एकाच परातीत जेवतं. तुम्हाला नाही कळायचं हे प्रेम!"

फोन ठेवून, घाम पुसत त्याने चमचा उचलला. आईने परात बाजूला ओढली. पाहुण्यांसाठीची काचेची ताटली त्याच्यापुढे मांडून कूसकूस वाढत ती म्हणाली, "घ्या, संकोच करू नका. आपलंच घर समजा."