ब्रेकची पिन
राजूर घाटावर विस्तवात भाजलेल्या रोडग्यांची पंगत उठली आणि मोताळ्याच्या दोस्तांच्या फटफट्या उताराला लागल्या. विस्तव विझवायला मागे राहिलेल्या हैदरने किल्लीसाठी खिशात हात घातला, तर पिन हाती लागली. सकाळी रंगरावच्या गाडीचा मागचा ब्रेक त्यानेच आवळला होता. ब्रेकची सळई निसटू नये म्हणून लावायची पिन तेवढी राहिली. पुढचा ब्रेक कधीचाच गेलेला. हैदरने गाडी पिटाळली, हॉर्नवर हॉर्न दिले. “थांब बे, रंग्या!” पण त्यांच्यात मागच्याचा हॉर्न म्हणजे शर्यतीचं आव्हान. “ये बे, दम असन तं!” रंगराव आणखीच सुटला. हैदर जितका जवळ जाई, तितका तो पळे. शेवटी हैदरने गाडीच उभी केली; मागे कोणी नाही म्हटल्यावर तो हळू होईल. खालून रंगरावचा डिवचणारा हॉर्न आला. हैदरने पिन मुठीत आवळली. पुन्हा हॉर्न आला, पण आता तो थांबेचना. वळणामागून वळण, वाढत्या वेगाने खाली उतरत गेला.