सुरैय्याच्या पेटीतली रेकॉर्ड

"काढा," भगवंतराव म्हणाले आणि शर्टाच्या टोकाला भिंग पुसू लागले.

बशीरभाईंनी पिशवीत हात घातला खरा, पण रेकॉर्ड बाहेर काढवेना. दर्यापूरहून बसमध्ये त्यांनी ती मांडीवर सांभाळत आणली होती. आणि सगळा वेळ एकच धास्ती होती, आज हा माणूस आपल्याला पकडणार.

कारण रेकॉर्ड त्यांच्या बायकोची, सुरैय्याची नव्हतीच.

सुरैय्या गेली तेव्हा मागे एक पत्र्याची पेटी ठेवून गेली. पेटीत एक्कावन्न रेकॉर्डी, सगळ्या माहेरून आणलेल्या. लेक गजाला म्हणाली, "अब्बा, विकून टाका." कुणीतरी सुचवलं, विकण्याआधी अमरावतीच्या भगवंतरावांना दाखवा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा एकटा गृहस्थ रेकॉर्डींच्या बाबतीत पोचलेला होता. मधल्या लेबलाचा रंग, कडेची बारीक अक्षरं, गाणी संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला नंबर, एवढं पाहून तो सांगायचा, ही पहिल्या खेपेची की दहा वर्षांनी पुन्हा काढलेली. पुण्या-मुंबईचे शौकीन फोटो पाठवून त्याचा शब्द मागायचे. अट एकच. एका बैठकीला एकच रेकॉर्ड, जास्त पाहिल्या की नजर फसते म्हणे.

म्हणून बशीरभाई दर रविवारी एक घेऊन येऊ लागले. विकायचं पहिल्या महिन्यातच मागे पडलं. भगवंतराव लेबलावर बोट ठेवून म्हणायचे, "हे पाहा, यावर गानाऱ्याचं नाव चुकलं होतं. कंपनीनं चार दिवसांत माल परत मागवला. तुमच्या बाईनं काही देल्ली नाई!" आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोची एक नवीच गोष्ट बशीरभाईंना कळायची. मग चहा, कधी गिला वडा. मग रेकॉर्ड लावायची आणि दोघांनी समोरासमोर बसून ऐकायची. फार बोलणं होत नसे, पण समोर माणूस असायचा. सोमवार ते शनिवार बशीरभाईंसमोर भिंती होत्या. घरातला टीव्हीसुद्धा ते आवाजासाठीच लावून ठेवत.

वर्षभरात पेटीचा तळ दिसला. एक्कावन्नावी रेकॉर्ड दाखवून परतताना बशीरभाईंना बसमध्ये भरून आलं. आता रविवारही सोमवारसारखाच जाणार होता.

आणि त्याच आठवड्यात घराजवळच्या सरफराजच्या भंगाराच्या दुकानात, रद्दीवर एक रेकॉर्ड पडलेली दिसली. बशीरभाईंनी ती घेतली, कव्हर ओल्या फडक्यानं पुसलं आणि सुरैय्या लिहायची तसं कोपऱ्यात उर्दूत तिचं नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात तिथं दुसरी आली. मग तिसरी. सोळा रविवार असेच निघाले. एवढ्या चांगल्या रेकॉर्डी दर्यापुरात भंगारात कुठून येतात, हे बशीरभाईंनी कुणाला विचारलं नाही. देणाऱ्याचे हात कुणी मोजावेत!

मन मात्र खात होतं. गेलेल्या बायकोच्या नावावर आपण खोटं बोलतोय. आणि तेही कुणाशी? नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं नव्या रेकॉर्डीवर जुनं लेबल चिकटवून आणलं, तेव्हा याच भगवंतरावांनी त्याला अर्ध्या चहावरून उठवून बाहेर काढलं होतं. हे सगळं बशीरभाईंच्या डोळ्यांदेखत झालेलं. त्यात भगवंतरावांची रीत हल्ली बदलली होती. पूर्वी अर्धा अर्धा तास भिंग लावून बसायचे. आता भिंग पुसायचे तेवढं, वरवर नजर टाकायचे आणि "उत्तम हाये" म्हणून मोकळे व्हायचे. त्यांना संशय आलाय, बशीरभाईंची खात्री पटली होती. नुसती वेळ पाहताहेत.

"काढा ना बशीरभाई. काहून थांबले?"

"काढतो, काढतो."

"अन् जरा सांभाळून. दुसऱ्या बाजूले, तिसऱ्या गान्यावर चरा हाये. सुई अडकते तिथं."

बशीरभाईंचा हात पिशवीतच राहिला. रेकॉर्ड अजून बाहेर आली नव्हती. कोणती आणली, हेही त्यांनी सांगितलं नव्हतं.

भगवंतरावांच्या ते उशिरा लक्षात आलं. त्यांचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"हे तुमची हाये?" बशीरभाईंनी विचारलं. "त्या सोळाच्या सोळा तुमच्याच होत्या?"

"पेटीतली शेवटची दाखवली त्या दिवशी तुमचा चेहराच सांगत होता," भगवंतराव खाली मान घालून म्हणाले. "मंग दर सोमवारी एक नेऊन ठेवतो सरफराजकडे. त्याले सांगतलं, बशीरभाई दिसले का समोर मांडजो."

हसावं की रडावं, बशीरभाईंना कळेना. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. आणि मग त्यांना राग आला, तो भलत्याच गोष्टीचा.

"म्हंजे चार महिन्यांपासून तुमी दर सोमवारी दर्यापुरात येऊन राहिले? माझ्या घरावरून जाता, अन् एक दिवस कडी वाजवली नाई?"

"कशी वाजवू?" भगवंतराव म्हणाले. "तुमाले रेकॉर्ड दाखवाचं निमित्त तरी होतं, बशीरभाई. मी काय सांगून येऊ?"