वरचा बोर्ड

हगवणीच्या साथीनं गाव आडवं झालं, तेव्हा कुठं लष्कराचा दवाखान्याचा तंबू आणि सरकारी डॉक्टर एकदाचे शाळेपुढं आले. चांगुणा सुनेला टेम्पोत घालून पोचली, तर दारातच मेजर आणि डॉक्टर भांडत होते. लष्कराचा बोर्ड वर लावायचा का आरोग्य खात्याचा?

"साहेब, पोरीनं डोळे फिरवलेत."

"थांबा मावशी, उद्घाटन व्हायचंय," डॉक्टर म्हणाला.

चांगुणानं हाताला लागला तो बोर्ड ओढला आणि सुनेला त्यावर निजवलं. "तिरडी असती तर खांदा द्यायला पळत आला असता. जितीला उचलायला वरनं हुकूम लागतो व्हय?"

मेजर आणि डॉक्टरनं दोन टोकांनी बोर्ड उचलला.

"सरळ धरा! एवढे शिकलेले बाप्ये, एक पोरगी धरवंना."

सलाईन लागली, तासाभरानं सुनेनं पाणी मागितलं. बाहेर नवी हुज्जत रंगली होती, फीत कापायची कुणी.