लाल रेघेच्या बाहेर

ज्वालामुखी फुटला तर चिखलाचा लोंढा जिथवर पोचेल तेवढा भाग मी संगणकावरच्या नकाशात लाल केला होता, आमच्या घरासकट. “रेघ तूच ओढलीस ना, योलिमा? सरकव की जराशी!” टेबलाला आवळलेल्या, आईच्या मका दळायच्या यंत्रावर हात ठेवून बाबा म्हणाले. दोन वर्षं ते हलायला तयार नव्हते. “रेघ माझं ऐकेल, बाबा. चिखल नाही ऐकणार.” त्यांनी चष्मा लावला. “यात तुझी आई कुठंय?” मी चपापले. घरं, शाळा, पूल घेतले होते. दफनभूमी राहूनच गेली होती. लगेच ती नकाशावर चढवली. कॉफीच्या टेकडीवर, लाल रेघेच्या बाहेर, हिरवा चौकोन उमटला. बाबांनी त्यावर बोट टेकवलं, सुस्कारा सोडला. मग यंत्राचा स्क्रू सैल करू लागले. “तिच्या शेजारी भाड्याने खोली मिळते का, बघ तुझ्या नकाशात.”