दुर्मीळ वेल

सुनीती मॅडम गुडघ्यांवर बसून भिंगातून वेल न्याहाळत होत्या आणि गोटीराम श्वास रोखून शेजारी उभे होते.

"कंदीलपुष्प," मॅडम म्हणाल्या. "कमाल आहे. ही जात डोंगरमाथ्यावर सापडते, तीही क्वचित. इथे प्लॉटवर कशी आली?"

"देवाची करनी," गोटीराम म्हणाले. गेल्याच आठवड्यात त्यांनी ती बेलापूरच्या डोंगरावरून पिशवीत घालून आणली होती आणि कुंपणाच्या पत्र्याखालून हात घालून लावली होती.

त्यांच्या बंगल्यासमोरच्या या प्लॉटवर हरेश बिल्डरचा बावीस मजली टॉवर येणार होता. शेती जाऊन बंगला आला, तेव्हापासून गोटीरामांचा दिवस गॅलरीतल्या झोपाळ्यावर, खाडीचा वारा खात जायचा. टॉवर झाला की खाडीऐवजी लोकांची स्वयंपाकघरं दिसणार होती. अर्ज झाले, मोर्चा झाला, नगरसेवकाच्या पाया पडून झालं. मग कुणीतरी सांगितलं, दुर्मीळ वनस्पती सापडली की काम थांबतं.

"थांबंल ना काम?" त्यांनी विचारलं.

"एका वेलीसाठी कुठे? ती हलवता येते. पंधरा-वीस असत्या, तर आमच्या जैवविविधता समितीला विचार करावा लागला असता."

गोटीराम कामाला लागले. जन्मात भाताशिवाय काही न लावलेला माणूस गच्चीवर कुंड्या मांडून बसला. डोंगरावरून आणलेल्या कंदांची पहिली खेप कुजली. सुमित्राबाईंनी लहानपणी डोंगरावर हे कंद उकरून खाल्ले होते. त्यांनी कुंडीत एकदा बोट घालून पाहिलं.

"पानी कमी घाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्याला खडी लागते, चिखल नाय. भात हाय काय तो?"

खडी गोटीरामांनी हरेशच्याच ढिगातून आणली. पुढच्या पावसाळ्यात वेली सुतळीवर चढल्या आणि इवल्या कंदिलांसारखी फुलं लटकली. फुलात माशी अडकायची, परागकण अंगाला लावून दुसऱ्या दिवशी सुटायची. गोटीराम चहा विसरून ते बघत राहायचे. गॅलरीत बसायला त्यांना वेळच उरेना.

त्या वर्षी प्लॉटवर एकवीस वेली सापडल्या. काम थांबलं.

पण गोटीरामांना चैन पडेना. एकवीसही हलवल्या तर? ते लावतच राहिले. शेंगा फुटल्या, बियांना कापसाच्या शेपट्या आल्या आणि खाडीच्या वाऱ्याने त्या पार सगळीकडे नेल्या. सोसायट्यांच्या कुंपणांवर, शाळेच्या जाळीवर, मंदिरामागच्या उतारावर कंदील लागले. एका निसर्गप्रेमी मंडळाने गोटीरामांना शाल, नारळ आणि 'कंदीलमित्र' ही पदवी दिली. झाडाझुडपांचं वेड आपल्याला लहानपणापासून आहे, असं त्यांनी भाषणात सांगितलं. एव्हाना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

चौथ्या वर्षी सुनीती मॅडम पेढे घेऊन घरी आल्या.

"काका, मोजणी झाली. अकराशे चाळीस वेली. आख्ख्या जातीला तुम्ही वाचवलंत. ती आता दुर्मीळ राहिली नाही. काल समितीने तिचं नाव यादीतून काढलं."

गोटीरामांचा पेढा हातातच राहिला.

"मंग समोरचा प्लॉट?"

"मोकळा झाला ना. आता संरक्षणाची गरजच नाही."

समोर पत्र्याचं फाटक उघडलं होतं. खोदाईचं मशीन आत शिरत होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या हरेशने वर बघून दोन्ही हात जोडले.

गोटीरामांनी पेढा तोंडात टाकला आणि सावकाश संपवला. मग झोपाळ्यावर सरकून त्यांनी मॅडमना बसायला जागा करून दिली.

"मॅडम," ते म्हणाले, "आता आनखी काय काय दुर्मीळ हाय, तेवढं सांगा."