नव्या पाइपाची फाइल

फाइल टेबलावरून पुढे सरकवताना राजशेखरनं समोरच्या बाईंकडे पाहायचं टाळलं. फाइल चांगली गुबगुबीत होती, नाडी करकचून बांधलेली. तिच्यातलं एक पान काल संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं काढलं होतं आणि पुढच्या पानांचे क्रमांकही बदलून टाकले होते. कनिष्ठ अभियंता म्हणून पाणी खात्यात लागलेला माणूस काय काय शिकतो!

"माहिती अधिकारात ही फाइल बघायला कुणीतरी येतंय म्हणे," साहेब म्हणाले होते. "जरा हलकी करून ठेवा." एवढंच. त्यांना आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. राजशेखर 'हो सर' म्हणाला, आणि ते इतक्या पटकन म्हणाला की त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटली, तरी पान काढलंच.

त्याला वाटलं होतं, एखादा कार्यकर्ता येईल. खिशाला पेनं, तोंडात कायद्याची कलमं, हातात फोटो काढायला मोबाइल. तसल्याला गुंडाळताना फारसं काही वाटत नाही. आल्या त्या भवानी पेठेतल्या कमलम्मा. अंगावर इरकल लुगडं, कपाळावर विभूती, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे जिना चढून लागलेली धाप.

त्यांनी फाइल उघडलीच नाही. उलट त्याच्याकडे सरकवली.

"तुमीच वाचून दाखवा की. मराठी बोलतो आमी, पर शाळा अक्कलकोटकडची, कन्नड. ही अक्षरं येत न्हाईत. अर्जबी टायपिंगवाल्यानंच करून दिला."

आता आली का पंचाईत! पान काढताना तोंडानं काही बोलावं लागलं नव्हतं. आता ते खोटं मोठ्यानं वाचायचं होतं.

"काय बघायचंय नेमकं, आज्जी?"

"आमच्या गल्लीत पाइप नवा घातला का जुनाच हाय, येवढंच बघा. कंत्राटदाराच्या माणसांनी खड्डे केले, बुजवले. आत काय घातलं ते आमाला कुटं दिसतंय?"

"पण हे कळून तुम्ही करणार काय?" खरं तर अर्जदाराला कारण विचारायचं नसतं. त्याच्या तोंडून निघून गेलं.

कमलम्मांनी पदर सारखा केला. "दिवाळी झाल्यावर नातीला कावीळ झाली. वाचली, सिद्धेश्वराची कृपा. पर सून म्हणती, तुमी पाणी उकळलं न्हाई, पिंप घासलं न्हाई, म्हणून झालं. पोरीला घेऊन बार्शीला माहेरी गेली. माझ्या हातचं पाणी पोरीला पाजू देणार न्हाई म्हणती." त्या जराशा थांबल्या. "मी उकळत व्हते रे, तम्मा. पर म्हातारपण हाय, येखाद्या दिशी इसरले बी असंन. पाइप नवा असंल तर माझंच चुकलं. मग सुनेच्या पाया पडते. जुना असंल तर..."

तम्मा. कन्नडमध्ये लेकराला लाडानं म्हणतात तसं. राजशेखरची आईही त्याला तम्माच म्हणायची. त्यानं नाडी सोडली आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. कामाचा आदेश वाचला, कंत्राटदाराचं पत्र वाचलं. मग शेवटचा शेरा वाचला. "जुनी पाइपलाइन काढून संपूर्ण गल्लीत नवीन टाकण्यात आली. काम समाधानकारक." त्याचा आवाज इतका खाली गेला की कमलम्मांना कानामागे हात धरावा लागला.

"म्हंजे नवाच हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात जोडले. "मग माझंच पाप, दुसरं काय. आजच बार्शीची यष्टी धरते. खरं काय ते कळलं, लई उपकार झाले तुमचे."

उपकार! त्यापेक्षा बाईनं एक थोबाडीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. त्या टेबलाचा आधार घेत उठल्या. पलीकडे केबिनचं दार अर्धवट उघडं होतं, साहेब फोनवर कुणाशी तरी हसत होते. बढत्यांची यादी याच महिन्यात निघायची होती आणि ती साहेबांच्या हातातून जाणार होती. कमलम्मा दारापर्यंत पोचल्या.

"बसा, आज्जी," राजशेखर म्हणाला. "एक पान राहिलंय."

त्या परत येऊन बसल्या. त्यानं फाइलीकडे पाहिलंही नाही. ती मिटून, तिच्यावर दोन्ही हात ठेवून तो वाचू लागला.

"गल्लीत समक्ष जाऊन पाहणी केली. दोन ठिकाणी खोदून पाहिले. नवीन पाइप आढळला नाही. जुनाच लोखंडी पाइप जागेवर असून तो गटाराला लागून जातो. तो गंजलेला आहे व फुटलेला आहे. गटाराचे पाणी त्यात शिरत आहे. लहान मुलांच्या जिवाला धोका आहे. हे काम मंजूर करू नये." मग त्यानं तारीख वाचली. ती दिवाळीच्या आधीची होती. तो आता चांगला मोठ्यानं वाचत होता. केबिनमधलं हसणं थांबलं होतं.

कमलम्मांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्या पुसत होत्या आणि डोळे पुन्हा वाहत होते. मध्येच त्या हसल्याही.

"आमच्या गल्लीची येवढी काळजी केली कुणी? देवमाणूसच की!" त्यांनी विचारलं, "खाली सही कुणाची हाय, तम्मा?"

राजशेखरची मान वर होईना.

"माझी."