रॅम्पची गाडी

"बाजूला व्हा."

नवरा गाडीच्या पुढ्यात उभा होता, दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवून. ती आत, स्टिअरिंगमागे, स्वतःच्या चाकांच्या खुर्चीतच बसली होती. या गाडीला चालकाची सीट नव्हतीच. बाजूचं दार सरकलं की रॅम्प खाली यायचा, खुर्ची सरळ आत जायची आणि तळाच्या खटक्यात घट्ट बसायची. ब्रेक आणि वेग एकाच दांड्यावर, हाताने चालवायचे. तिला कुणी उचलावं लागत नव्हतं. नेमकं तेच त्याला खुपत होतं.

"जायचंय कुठे तुला?" तो म्हणाला. "कोण डोळे लावून बसलंय तुझ्यासाठी?"

"आल्यावर सांगते."

"मध्येच बंद पडली तर चार लोक जमतील. तमाशा होईल. मग निस्तरायला मीच."

"नका येऊ."

वरच्या गॅलरीत शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा हात थांबला. नवऱ्याने वर पाहिलं आणि लगेच हसला. अख्ख्या इमारतीत तो देवमाणूस होता. बायकोचे पाय गेले तेव्हा दुसरा असता तर मोकळा झाला असता, याने मात्र तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, असं काकू भेटेल त्याला सांगायच्या. त्याच्याकडच्या लग्नांना तो तिला दोन्ही हातांवर उचलून न्यायचा, हॉलच्या दारापासून थेट पहिल्या रांगेपर्यंत. बघणाऱ्यांचे डोळे पाणवायचे. ती मान वर करायची नाही. तिच्या माहेरची आमंत्रणं तर केव्हाच बंद झाली होती. "विसरली तुला तुझी माणसं," तो म्हणायचा.

"सांभाळून जा हं," काकूंना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला आणि बाजूला झाला. मग खिडकीशी वाकला. आवाज बदलला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुला तर पायही नाहीत. रडत परत येशील."

तिने दांडा खाली ओढला.

गाडीचा विषय निघाल्यापासून घरात हेच चाललं होतं. छापखान्याची मुद्रितं घरी तपासून तिने स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली, तर तो महिनाभर बोलला नाही. गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्याने दोनदा दारातूनच परस्पर वाटेला लावलं. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा ती स्वतःच खुर्ची घेऊन दारात बसली होती.

आज ती पहिल्यांदा एकटी निघाली होती. आणि निघाली होती ती भांडायला.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. तिला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही नवऱ्याकडून. "सगळं आटोपल्यावर कळवतेय तुझी बहीण," तो म्हणाला होता. "म्हणे, हिची खुर्ची ढकलायला कोण रिकामं बसलंय?" तेव्हा घरात एकच फोन होता आणि तो त्याच्या खिशात असायचा. त्या दिवसापासून तिने ताईचं नाव टाकलं. ताईनेही कधी चौकशी केली नाही. आज तिला ताईच्या तोंडावर विचारायचं होतं.

पुलावर मागच्या ट्रकने हॉर्न मारमारून जीव नकोसा केला. सिग्नलला एक जण खिडकीत डोकावून म्हणाला, "बाई, घरात माणसं नाहीत का?" तिने काच वर केली. घामाने दांडा हातातून निसटत होता. पण गाडी बंद पडली नाही.

आईचं घर तसंच होतं. आता तिथे ताई राहत होती. गाडीचा आवाज ऐकून ती दारात आली. रॅम्प खाली आला, खुर्ची अंगणात उतरली, तरी ताई पायरी उतरली नाही.

"बरी वाट सापडली," ताई म्हणाली.

"आई गेल्याचं मला का कळवलं नाहीस? शेवटचं तोंड बघायचाही हक्क नव्हता मला? मी काय अडगळीतलं सामान आहे?"

"वा गं वा! चोराच्या उलट्या बोंबा!" ताईचा आवाज चढला. "सकाळीच फोन केला होता तुझ्या घरी. तुला टॅक्सीत बसता येत नाही म्हणून गावभर फिरून अशीच रॅम्पची गाडी शोधली. भाड्याची. तुझ्या दारात पाठवली. आईला संध्याकाळपर्यंत ठेवलं तुझ्यासाठी. माणसं ताटकळली, बोलायला लागली. मी सगळ्यांना सांगत होते, निघालीय, येईलच. आणि गाडी आली ती रिकामी! तूच निरोप दिलास ना नवऱ्याकडून, मला त्या घराची पायरी चढायची नाही म्हणून?"



"कुठली गाडी?" तिने विचारलं.

ताई तिच्याकडे बघत राहिली. रागाने आवळलेला तिचा चेहरा हळूहळू सुटत गेला. पायऱ्या उतरून ती खालच्या पायरीवर येऊन बसली. 

तेवढ्यात खुर्चीत, तिच्या मांडीवरचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला.

"पोचलीस का कुठे, की अडकलीस?" नवऱ्याच्या आवाजात हसू होतं. "उगाच हट्ट करू नकोस. आहेस कुठे ते सांग, मी येतो उचलायला."

"आईकडे," ती म्हणाली.

पलीकडचं हसू थांबलं.